बाविसावं लागलेला मुलगा

अमेरिकेतल्या मॅडिसनहून नॉर्वेला निघताना सासूबाईंनी खांद्याच्या पिशवीत घरचं जुनं बायबल घेतलं, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून. मोठ्या बॅगेत कपड्यांच्या घडीत ठेवू या म्हटलं, तर ऐकेनात. वय अठ्ठ्याहत्तर, आणि ते पुस्तक सहज दोन किलोचं. (घरी मी त्यांना नावानेच हाक मारते, अमेरिकेत तशीच रीत आहे, पण मराठीत लिहायला बसले की त्या सासूबाईच होतात.)

त्या बायबलच्या पहिल्या पानावर त्यांच्या पणजोबांच्या हातची नोंद आहे. स्वतःचं नाव, १८४४ सालच्या ऑक्टोबरातली जन्मतारीख, आणि गावाच्या जागी 'वीग' हा एकच शब्द. त्याखाली बायको, मग ओळीने सात मुलं. त्यांच्या नावाच्या वर काहीच नाही, कागद बोटभर कोरा आहे. सासूबाईंचं घराणं त्या ओळीपासून सुरू होतं. त्या आधी कोण होतं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. वडील मात्र नेहमी सांगायचे, "तिकडे आपलं मोठं शेत होतं. पणजोबा पैसे पाठवायचे, त्यांची आई शेवटपर्यंत त्या शेतावर सुखात राहिली."

'वीग' म्हणजे 'विक'चं जुनं स्पेलिंग, आणि विक म्हणजे पाणी जमिनीत शिरून जिथे बाक घेतं ती जागा. अशा जागा नॉर्वेच्या किनाऱ्यावर पावलोपावली आहेत आणि त्या नावाची गावंही बरीच आहेत. काही वर्षांपूर्वी घरच्यांनी पैसे देऊन एकाकडून शोध करवला होता. त्याने भलत्याच विकमधला भलताच माणूस काढून दिला, आणि दहा वर्षं सगळे त्यालाच पूर्वज मानून बसले. एका चुलत शाखेचं तर म्हणणं होतं की आपण मुळात स्वीडिश. कारण काय, तर नागरिकत्वाच्या कागदावर पणजोबांनी 'स्वीडन आणि नॉर्वेच्या राजा'ची निष्ठा सोडल्याचं लिहिलं होतं. १८१४ ते १९०५ दोन्ही देशांचा राजा एकच होता, त्यामुळे नॉर्वेहून आलेल्या प्रत्येकालाच तसं लिहून द्यावं लागे.

गाठ सुटली ती आमच्याच गावात. मॅडिसनमध्ये विधानभवनाजवळ नॉर्वेजियन-अमेरिकन वंशावळींचं एक केंद्र आहे, तिथल्या ग्रंथालयात अमेरिकेतल्या जुन्या लुथरन चर्चच्या वह्या फिल्मवर पाहायला मिळतात. डेन काउंटीच्या उत्तरेकडच्या एका चर्चच्या वहीत पणजोबांच्या नावापुढे पाद्र्याने तीन शब्द लिहून ठेवले होते: 'विक इ सोग्न'. सोग्न प्रांतातलं विक. एवढ्या तीन शब्दांवर आम्ही तिकिटं काढली.

पणजोबांचं नाव आणि शेताचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या उतारावर अजून माणसं राहतात.

पहिला दिवस, बर्गन

पाऊस. विमान उतरलं तेव्हा होता, खोलीवर पोचलो तेव्हा होता, रात्री साडेदहाला खिडकीबाहेर लख्ख उजेड असतानाही होता. सासूबाई गुडघ्याला पट्टा बांधून लवकर झोपल्या. मी बंदराकडे थोडी फिरून आले.

आम्ही गेलो ते २०२५ साल, म्हणजे या देशांतराला दोनशे वर्षं पूर्ण होण्याचं साल. ४ जुलै १८२५ रोजी स्टावांगरहून 'रेस्टोरेशन' नावाचं छोटंसं गलबत ५२ माणसं घेऊन निघालं आणि ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला लागलं. उतरली ५३, कारण वाटेत समुद्रावर एक मुलगी जन्मली होती. पुढच्या शंभर वर्षांत जवळपास आठ लाख माणसं त्या वाटेने गेली. १८६५ साली अख्ख्या नॉर्वेची लोकसंख्या सतरा लाख होती. त्या शेजारी आठ लाख हा आकडा ठेवून पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की हे एखाद्या धाडसी माणसाचं जाणं नव्हतं, गावंच्या गावं उसवली गेली होती. १८०१ ला हीच लोकसंख्या नऊ लाखांच्याही आत होती. लढाया थांबल्या, देवीची लस आली, बटाटा आला, मुलं जगू लागली. पण कसायला जमीन शंभरातली तीन हिस्से, ती कुठून वाढणार?

दुसरा दिवस, दप्तरखाना

सरकारी अभिलेखागारात सकाळी नऊला पोचलो. खरं सांगायचं तर नॉर्वेच्या चर्चवह्या आणि जनगणना राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'डिगिटालआर्किव्हे'वर घरबसल्या फुकट पाहता येतात. मी मॅडिसनमध्ये रात्र रात्र त्या पाहिल्याही होत्या. तरी इथे यायचं होतं, कारण ते अक्षर मला एकटीला लागत नव्हतं.

एकोणिसाव्या शतकातले तिथले पाद्री गॉथिक वळणात लिहीत. माझ्या आजोबांच्या पेटीत मोडीतले कागद होते. घरात सगळे शिकलेले, पण ते कागद वाचायला गावातल्या एका म्हाताऱ्या गुरुजींना बोलवावं लागे. आपल्याच घरचं, आपल्याच भाषेतलं लिखाण, आणि आपल्याला अक्षर लागत नाही, ही हळहळ मी लहानपणी पाहिलेली आहे. इथेही तेच. त्या वळणात 'ई' हुबेहूब 'एन'सारखी दिसते. 'यू' आणि 'एन'मध्ये गोंधळ होऊ नये म्हणून 'यू'वर एक बारीक चंद्रकोर काढत. वाचनकक्षातल्या तरुण अधिकाऱ्याने पहिल्या दहा मिनिटांत मला ही चंद्रकोर दाखवली आणि महिनाभर अडलेली अर्धी नावं सरळ झाली.

मग नावांचं कोडं. मराठी माणसाला हे पटकन कळावं. आपलं नाव, वडिलांचं नाव आणि गावावरून 'कर', ही आपली रीत. त्यांची जवळपास तशीच: स्वतःचं नाव, मग ओलाचा मुलगा तो ओल्सेन, ओलाची मुलगी ती ओल्सडाटर, आणि शेवटी ज्या शेतावर राहायचं त्या शेताचं नाव. फरक इतकाच की आपला चिपळूणकर पुण्यात राहायला गेला तरी चिपळूणकरच राहतो. तिथे शेत बदललं की नाव बदललं, कारण ते आडनाव नव्हतंच, पत्ता होता. पिढीजात आडनाव असलंच पाहिजे हा कायदा तिथे १९२३ साली आला. म्हणून अमेरिकेतलं आडनाव घेऊन नॉर्वेच्या वह्यांत शोधणं म्हणजे दारावर नसलेली पाटी शोधणं. आमचं घर इतकी वर्षं तेच करत होतं.

विकच्या पाद्र्याच्या वहीत १८४४ मध्ये त्याच नावाची आणि त्याच नावाच्या बापाची तीन मुलं होती. तीन! जन्मतारीख बायबलशी नेमकी एकाचीही जुळेना. एकाची दोन दिवसांनी पुढे, एकाची आठवड्याने मागे, तिसऱ्याची शाई पसरलेली. इथे अडून मी मॅडिसनमध्ये महिना घालवला होता. वाट दाखवली ती बायबलमधल्या सात मुलांनी. त्या काळी पहिल्या मुलाला आजोबांचं नाव, दुसऱ्याला आईकडच्या आजोबांचं, मुलींना दोन्ही आज्यांची नावं, हा नेम घरोघरी पाळत. पणजोबांच्या एका मुलीचं नाव त्या भागात फारसं न आढळणारं होतं. बायकोच्या आईचं ते नव्हतं, हे अमेरिकेच्या वहीत दिसत होतं. म्हणजे ते त्यांच्या स्वतःच्या आईचं असणार. तिघांपैकी एकाच मुलाच्या आईचं नाव ते होतं: शाई पसरलेल्या नोंदीतलं.

त्या अधिकाऱ्याने मग दुसरी वही उघडली. पाद्र्याची एक वही आणि चर्चच्या कारकुनाची दुसरी, अशा दोन प्रती ठेवण्याचा तिथे नियम होता, आणि दोन्ही रात्री एका छपराखाली ठेवायच्या नाहीत असाही. आग लागली तर एक तरी वाचावी. कारकुनाच्या प्रतीत शाई पसरलेली नव्हती. तारीख बायबलमधलीच. सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावरच्या त्या ओळीखाली बोट धरून बसल्या.

त्यानंतर तो मुलगा आम्हाला जागोजागी भेटू लागला. पंधराव्या वर्षी धर्मशिक्षणाची परीक्षा, शेरा 'चांगला', शेजारी देवी टोचल्याची तारीख. आणि मग १८६५ ची जनगणना.

ही जनगणना ३१ डिसेंबर १८६५ च्या रात्रीची. कोण कोणत्या छपराखाली होतं, ते. शेताच्या नावाखाली आधी मालकाचं मोठं कुटुंब, नोकर, गडी. आमचं कुणी नाही. पुढे खाली, वेगळ्या ओळीवर, 'हुसमानची विधवा' (हुसमान म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर राहून राबणारा), वय त्रेपन्न, मुलगा, वय बावीस, मुलगी, पंधरा. पुढच्या रकान्यांत गाय १, मेंढ्या ४, शेळ्या ३. पेरणी: बार्ली पिंपाचा आठवा हिस्सा, बटाटे दोन पिंपं. त्यांचं पिंप साधारण १३९ लिटरचं. एका घराचं वर्ष त्या एका ओळीत होतं.

मुलाचं वय बावीस का? ऑक्टोबर १८४४ चा जन्म धरला तर एकवीस पुरी. याच एका वर्षाच्या फरकावरून त्या पैसे घेणाऱ्या संशोधकाने ही नोंद बाजूला टाकली होती. पण त्या जनगणनेत वय चालू वर्ष धरून लिहायचं होतं. म्हणजे आपली आजी सांगायची तसं: बाविसावं लागलं. हे वाक्य मनात मराठीत आलं आणि तो मुलगा मला एकदम घरचा वाटला.

चार महिन्यांनी, एप्रिल १८६६ मध्ये, पाद्र्याच्या 'गाव सोडून गेलेले' या यादीत त्याचं नाव आहे. कुठे? 'अमेरिका'. त्याच्या वर आणि खाली पानभर तोच शब्द, आणि पाद्र्याने दुसऱ्या ओळीपासून नुसत्या खुणा केल्या आहेत, कारण सगळ्यांचं उत्तर एकच.

दुपारी सासूबाई कॉफी प्यायला खाली गेल्या तेव्हा मी १८७५ ची जनगणना उघडली. उतारावरचं ते घर आता दुसऱ्याच कुणाचं होतं. आई सापडली नदीपलीकडच्या एका शेतावर, परक्या कुटुंबाच्या शेवटी. नावापुढे एक शब्द होता, तो मला येत नव्हता. अधिकाऱ्याला विचारलं. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं: 'लेग्द'वर असलेली.

लेग्द म्हणजे गावाने सांभाळायचं निराधार माणूस. पण एका जागी ठेवून नव्हे. शेतांचे गट पाडलेले, आणि ज्याची जमीन जेवढी तेवढे दिवस त्याने त्या माणसाला जेवू-झोपू घालायचं; दिवस संपले की बोचकं उचलून पुढच्या शेतावर. १९०० पर्यंत ही पद्धत चालू होती.

सासूबाई वर आल्या. "काही मिळालं?" मी म्हटलं, "आज पुरे, डोळे दुखतात." खोटं बोलायची मला सवय नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

तिसरा दिवस, पुन्हा दप्तरखाना

सासूबाईंना विश्रांती हवी होती. मी एकटी गेले. मला त्या पंधरा वर्षांच्या मुलीचं काय झालं ते हवं होतं.

१८७५ मध्ये ती आईपासून चार शेतं सोडून मोलकरीण होती. लग्न नाही. १८८१ च्या नोव्हेंबरात आईच्या दफनाची नोंद. आणि बर्गनच्या पोलिसांनी ठेवलेल्या देशांतर करणाऱ्यांच्या वह्यांत (त्या १८७४ पासूनच्या आहेत, म्हणून भाऊ त्यात नाही) एप्रिल १८८२ ला ती. अविवाहित, मोलकरीण, राहणार विक, जाणार विस्कॉन्सिन, आणि गावाचं नाव भावाच्या गावाचं.

१८८२ हे नॉर्वेतून सर्वाधिक माणसं बाहेर पडल्याचं साल, अठ्ठावीस हजारांवर. त्या गर्दीत ती एक ओळ. भाऊ शिडाच्या जहाजाने गेला होता, बर्गनहून थेट क्वेबेकला. त्या काळी बहुतेक नॉर्वेजियन तिकडूनच जात: जहाजं परत येताना लाकूड भरून आणायची, जाताना माणसं, आणि तळाच्या अंधारात पाच-सात आठवडे काढायचे. बहीण वाफेच्या बोटीने इंग्लंडात हलला, तिथून आगगाडीने लिव्हरपूलला, मग अटलांटिक. सोळा वर्षांत प्रवास आठवड्यांवरून दिवसांवर आला होता. पण ती आधी गेली नाही. आई होती तोवर नाही. आई नोव्हेंबरात गेली आणि बर्फ वितळल्यावर ती निघाली.

संध्याकाळी मी सासूबाईंना बहिणीबद्दल सांगितलं. आईबद्दल नाही. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "टान्टा."

घरच्या एका जुन्या फोटोत, पणजोबांच्या सगळ्या कुटुंबाच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून एक काळ्या कपड्यातली बाई उभी आहे. सगळे तिला 'टान्टा' म्हणायचे, म्हणजे आत्या किंवा मावशी. कुणाची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाईंच्या वडिलांना लहानपणी तिने मोजे विणून दिले होते, एवढंच ते सांगायचे.

चौथा दिवस, बोट

बर्गनच्या धक्क्यावरून सकाळची जलद बोट विकला साडेतीन-चार तासांत नेते. आधी समुद्राच्या कडेने बेटांमधून, मग सोग्नेफ्योर्डच्या तोंडातून आत. हा फ्योर्ड २०५ किलोमीटर लांब आणि सगळ्यात खोल जागी १३०० मीटरहून खोल. माझं माहेर दाभोळ खाडीच्या काठचं, पलीकडे जायला लॉन्च. पाणी जमिनीत शिरतं आणि माणसं त्याच्या दोन्ही काठांनी चिकटून राहतात, हे मला नवं नाही. पण आमच्या खाडीला गाळ असतो, खारफुटी असते, ओहोटीला पाय ठेवायला जागा असते. इथे डोंगर सरळ पाण्यात उतरतो. मधेच कुठेतरी, छपराएवढ्या सपाटीवर एखादं लाल घर आणि त्याभोवती रुमालाएवढं हिरवं गवत. त्या रुमालांवर किती पोरं वाढणार, असं दर वळणाला वाटत होतं.

पाचवा दिवस, उतार

विक हे फ्योर्डच्या दक्षिण काठावर, नदीच्या मुखाशी आहे. गावाच्या ग्रंथालयात शेतवार इतिहासाचे ग्रंथ होते; असे ग्रंथ नॉर्वेत बहुतेक गावांना असतात आणि प्रत्येक शेताचे मालक पिढ्यान्‌पिढ्या त्यात लिहिलेले असतात. आमच्या शेतालाही पानं होती, पण त्यांवर पणजोबा नव्हते. शेवटी बारीक टाइपात 'शेताखालच्या हुसमान जागा' अशी चार ओळींची यादी, त्यात त्यांच्या वडिलांचं नाव. मी ते पान बंद केलं नाही, सासूबाईंसमोर तसंच उघडं ठेवलं. त्यांनी ते वाचलं की नाही, कळलं नाही.

शेताच्या मालकीणबाईंना आम्ही आधी कळवलं होतं. साठीच्या असतील. टेबलावर कॉफी, तपकिरी बकरीचं चीज (चव थेट कडेला लागलेल्या बासुंदीच्या खरवडीसारखी) आणि लेफ्सा. लेफ्सा म्हणजे आपली पोळीच, मऊ, लोणी-साखर लावून घडी घातलेली. सासूबाई ख्रिसमसला करतात तेव्हा लाटायचं काम माझ्याकडे असतं. त्यांच्या लाटण्याला खाचा असतात. माझं माहेरचं साधं लाटणंही आता त्याच डब्यात राहतं.

सासूबाईंनी बायबल उघडून दाखवलं आणि विचारलं, "तर हेच आमचं शेत?"

बाईंनी नाव पाहिलं, दोन क्षण थांबल्या. "शेताचं नाव हेच. पण तुमची माणसं इथे खाली राहत नव्हती. वर. ती हुसमान होती."

हुसमान म्हणजे मालकाच्या जमिनीवर झोपडं बांधून राहणारा. थोडा तुकडा कसायला मिळायचा, बदल्यात मालकाच्या शेतावर ठरलेले दिवस राबायचं. जमीन त्याची कधीच नसे. पण अमेरिकेत उतरल्यावर नाव विचारलं की तो शेताचं नाव सांगायचा, कारण पत्ता तोच होता. पुढच्या पिढीला वाटायचं, शेत आपलं.

"आणि त्याची आई?" सासूबाईंनी मला विचारलं. बाईंना नाही. मला.

मी सांगितलं. लेग्द, शेतांचे दिवस, १८७५ ची ती ओळ. इंग्रजीत सांगताना माझी वाक्यं तुटत होती.

"तुला कधी कळलं?"

"तीन दिवसांपूर्वी."

त्यांनी मान हलवली. मालकीणबाई उठून खिडकीपाशी गेल्या. नदीपलीकडच्या हिरव्या पट्ट्यावर एक पांढरं घर दिसत होतं, ते बोटाने दाखवून म्हणाल्या, "तुम्ही सांगता ते शेत तेच. आमच्या शेताकडेही लेग्दचे दिवस असायचे. वर्षातून थोडे दिवस ती इथेही झोपली असेल." त्यांनी काही गोड केलं नाही, काही लपवलं नाही. मला त्यांचं ते सरळ बोलणं फार मोलाचं वाटलं.

मग आम्ही वर गेलो. सासूबाईंना काठी आणि माझा खांदा, आणि चाळीस मिनिटं. बर्चच्या झाडीत गुडघाभर दगडी चौथरा उरला आहे, आठ पावलं लांब, सहा रुंद. एका कोपऱ्यात काळवंडलेले दगड, तिथे चूल असावी. खालचा फ्योर्ड सगळा दिसतो. चौथऱ्याच्या दक्षिण अंगाला, गवतात, रुबार्बचा मोठा गड्डा वाढला होता, पानं सुपाएवढी. रुबार्ब माणसाने लावल्याशिवाय अशा जागी येत नाही, आणि लावणारा गेल्यावरही कित्येक वर्षं जगतं. आमच्या माणसांनी लावलं की त्यांच्यानंतरच्यांनी, कोण सांगणार. सासूबाईंनी एक देठ पिरगळून उपटला, बुंध्याशी लाल, आणि तिथेच चावला. चेहरा आंबट झाला. दुसरा तुकडा मला दिला.

बटाट्यांची ती दोन पिंपं कुठे पेरली असतील म्हणून मी चौथऱ्याभोवती हिंडले. दगड वेचून केलेले दोन लहान ढीग सापडले, शेवाळलेले. मधली जमीन आपल्या अंगणाएवढी. याच्याहून जास्त काही तिथे नव्हतं.

उतरताना सासूबाई एकदाच बोलल्या. "बाबा खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच सांगितलं गेलं असणार."

"कुणी?"

"टान्टाने. तिलाच एकटीला खरं माहीत होतं."

सहावा दिवस, हॉपरस्टाड

विकमध्ये एक स्टाव्ह चर्च, म्हणजे उभ्या लाकडी खांबांवर बांधलेलं चर्च आहे, हॉपरस्टाड, सुमारे ११३० सालचं. १८७७ ला गावात नवं चर्च झालं आणि हे ओस पडलं. पेटर ब्लिक्स नावाच्या वास्तुविशारदाने पुढच्या दशकात ते दुरुस्त केलं म्हणून आज उभं आहे. पणजोबा लहान असताना ते वापरात होतं.

सासूबाई दारातच थबकल्या. मिनेसोटात मूरहेडला या चर्चची हुबेहूब प्रतिकृती आहे. त्या तिथे पंचवीसएक वर्षांपूर्वी सासऱ्यांबरोबर गेल्या होत्या, फोटोही काढला होता. तेव्हा त्यांना माहीत नव्हतं की मूळ चर्च आपल्याच माणसांच्या गावात आहे. नक्कल आधी पाहिली आणि अस्सल म्हातारपणी. त्या सारखं म्हणत होत्या, "तिथे हा वास नव्हता." डांबराचा वास. नऊशे वर्षं लाकडाला पाइनचं डांबर लावत आले आहेत, उन्हात भिंत तापली की आतबाहेर तोच वास भरतो. आत अंधार, उंच गोल खांब, डाव्या हाताला वेदीवरचं कोरीव लाकडी छत्र. डोळे सरावायला वेळ लागतो. मी एका खांबावर हात ठेवला. माणसांच्या खांद्याच्या उंचीला तो गुळगुळीत झाला होता.

बाहेर दगडी भिंतीवर ऊन होतं. सासूबाई तिथे बसल्या, पिशवीतून बायबल काढलं, अभ्रा मांडीवर पसरला आणि पहिलं पान उघडलं.

"पेन आहे का? शाईचं."

माझ्याकडे होतं. मी म्हटलं, जुना कागद आहे, घरी जाऊन नीट विचार करू, पेन्सिलने लिहू. त्या म्हणाल्या, "त्याने शाईनेच लिहिलंय."

वरचा कोरा भाग बोटभरच. त्यांनी आधी आईचं नाव विचारलं. मी वहीतून वाचलं: पहिलं नाव, मग अमक्याची मुलगी, 'डाटर'. पाद्र्याने लिहिलं होतं त्याच स्पेलिंगने, एकेक अक्षर. त्यांचा हात थरथरतो, म्हणून अक्षरं मोठी झाली आणि ओळ थोडी उतरली. शेताचं नाव लिहू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुठल्या शेताचं? त्या थांबल्या, आणि 'विक' एवढंच लिहिलं.

मग बहिणीची जागा. पणजोबांच्या ओळीच्या शेजारी उजवीकडे थोडी मोकळी होती. मी नाव सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. शेवटी कंसात त्यांनी स्वतःच्या मनाने एक शब्द घातला: टान्टा. शाई वाळेपर्यंत पान उघडं धरून आम्ही उन्हात बसून राहिलो.